कपाटामागची भिंत

टाचणीताईंना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. एकतीस वर्षं ओठांत टाचण्या धरून शिवणकाम केलेलं, त्यामुळे नाव पडलं. आणि बोलणंही तसंच टोचरं. कापड घेताना ताई आधी ते उलटं करून बघायच्या. "वरची बाजू दाखवायलाच असते," म्हणायच्या.

आता डोळे थकले होते. सुईत दोरा ओवायलासुद्धा शेजारणीला हाक मारावी लागे. साठवलेल्या पैशातून एक घर घ्यायचं, ते भाड्यानं द्यायचं आणि त्यावर म्हातारपण काढायचं, असं धाकट्या भावानं त्यांच्या मनात भरवलं. घरही त्यानंच हेरलं. विसाराचा चेक पर्समध्ये ठेवून ताई भावाबरोबर ते बघायला निघाल्या. पैसे होते ते एवढेच. घर चुकलं असतं तर दुसऱ्यांदा शिवून घ्यायची सोय नव्हती.

दलालानं दार वाजवलंच नाही. किल्ली फिरवली आणि सरळ आत घुसला. आत एक बाई जमिनीवर बसून जेवत होती. तिनं दचकून ताट मागे सरकवलं, जणू चोरीच पकडली गेली.

"चालू द्या तुमचं," असं म्हणत त्यानं तिच्याच कपाटाची दारं सताड उघडली. आतले कपडे, औषधाची बाटली, सगळं चव्हाट्यावर. "बघा ताई, जागा! दोन खोल्यांत प्लायवूड ठोकून चार केल्यात. चार कुटुंबं, संडास एकच. भाडं मात्र चौघांचं!"

 खोटं कशाला सांगायचं, क्षणभर ताईंनी मनात चारनं गुणलंही.

भिंती ताज्या रंगाच्या, गुळगुळीत. सवयीनं त्यांचा हात कपाटामागे गेला आणि बोटं कसल्यातरी ओल्या, मऊ लगद्यात रुतली. त्यांनी कपाट पुढे ओढलं. मागे जमिनीपासून खांद्यापर्यंत काळपट हिरवी बुरशी.

"हे काय?"

"थोडी ओल आहे हो. रंग मारलाय ना."

"इथं कुठं मारलाय?"

"तिथं कोण बघतंय?"

"ताई," भाऊ कुजबुजला, "तुला थोडंच राहायचंय इथं!"

जेवणारी बाई पहिल्यांदाच बोलली. "माझी मुलगी याच भिंतीला लागून झोपते. खोकला हटत नाही तिचा."

"त्याची काळजी नको," दलाल ताईंना म्हणाला. "कंटाळून जातील. नवीन माणूस आला की भाडंही वाढवता येतं."

ताईंनी बोटं रुमालाला पुसली. "ही ओल काढली, प्लायवूड उपटलं, दोनच कुटुंबं ठेवली तर?"

दलाल हसला. "मग या किमतीत कसं परवडणार? किंमत चार चुलींची आहे, ताई."

"म्हणजे घर नाहीच विकत तुम्ही. हिच्या पोरीचा खोकला विकताय."

"अगं, घेतल्यावर बघू ना!" भाऊ चिडला.

"घेतल्यावर कुणी बघत नाही रे. मघाशी मीच भाडं मोजत होते, भिंत नंतर दिसली." त्यांनी पर्सची चेन लावली.

"मावशी, मग घेताय का घर?" बाईनं विचारलं.

"नाही गं."

ताईंना वाटलं, बाईला बरं वाटेल. तिनं नुसतं ताट पुढे ओढलं. "मग कपाट होतं तिथं लावून जा. पोरीला रोज ते दिसायला नको."

ताईंनी खांदा लावून कपाट मागे ढकललं. त्याहून घाणेरडं काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं.

 घरी आल्यावर ताईंनी तीनदा साबणानं हात धुतले, तरी तो कुबट वास बोटांना होताच. मग त्या मशीनपाशी बसल्या आणि दोरा ओवून द्यायला त्यांनी शेजारणीला हाक मारली.