प्रभूचा प्याला आमच्याकडं शेवटी यायचा

माझ्या चार पानांवर सेक्रेटरीसाहेबांनी चहाचा कप ठेवला. भरलेला. शाईवर गोल डाग पसरला. मग म्हणाले, "बाई, चर्चचा इतिहास लिहायला सांगितला होता. मांगवाड्याचा नाही."

कमिटीची सात माणसं बसलेली. कुणीतरी हसलं. पाळकसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. मी उभीच. मला कुणी खुर्ची दिली नव्हती.

या चर्चच्या संडे स्कूलला मी लई वर्षं शिकवलं. वर्धापनदिनाला पुस्तिका काढायचं ठरलं, तेव्हा जुन्या माणसांना भेटून लिहायचं काम माझ्यावर टाकलं. उपासना संपली की मी फुलंब्रीची बस धरायचे. तिकडं एका खेड्यात सायमनआबा राहतात. नव्वदीला टेकलेत. त्यांचे आजोबा आणि माझे पणजोबा, दोघांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. दोघांनी या चर्चचे दगड डोक्यावर वाहिले.

आबा म्हणाले, "पोरी, आमच्या हातचा दगड चालला. प्रभुभोजनाला मात्र आमी दाराशी, जमिनीवर. द्राक्षरसाचा प्याला आधी बाकावरच्या लोकायला. आमच्याकडं शेवटी. सेक्रेटरीचा पणजा, बामणाचा ख्रिस्ती झालेला, त्यानंच पाद्र्याला तसं बजावलं व्हतं. लिही हे."

मी लिहिलं. तीच ती चार पानं.

पुस्तिका छापून आली. सेक्रेटरीसाहेबांच्या पणजोबांचा पानभर फोटो. 'संस्थापक'. आमच्या माणसांना एक ओळ : 'परिसरातील गरिबांनीही यथाशक्ती श्रमदान केले.'

श्रमदान!

आणि लेखिका म्हणून खाली माझं नाव. मला न विचारता.

प्रकाशनाला बिशपसाहेब आले. चर्च भरलेलं. चर्चचं ध्येय वाचायला मला पुढं बोलावलं. 'ख्रिस्तामध्ये आम्ही सर्व एक.' माझी मुलगी चर्चच्याच शाळेत नोकरीला. भीती वाटली, खोटं कशाला सांगू?

मी कागद खाली ठेवला. म्हणाले, "हे मी वाचणार नाय. पुस्तकावर नाव माझं आहे, लिखाण माझं नाय."

दाराशी बसलेल्यांची नावं घेतली. प्याल्याचं सांगितलं. माइक बंद झाला. मी आवाज चढवला.

सेक्रेटरीसाहेब उठले. "खाली बसा! चर्चमध्ये जात आणू नका!"

"मी नाय आणली, साहेब. तुमच्या घरानं आणली. मी फक्त नाव घेतलं."

मागून एक बाई उभी राहिली. चर्च झाडणारी मार्थाकाकू. शेवटपर्यंत बसली नाय. बाकी सगळे खाली बघत होते. आमचेसुद्धा.

संडे स्कूल माझ्याकडून काढून घेतलं. पाळकसाहेब घरी आले. "माफीचं पत्र द्या. प्रभूनं क्षमाच शिकवली ना?"

मी म्हणाले, "मग सेक्रेटरीसाहेबांना माफी मागू द्या. सायमनआबांकडं मी घेऊन जाते."

चहा न घेताच गेले.

नातेवाईक म्हणतात, सोड ते चर्च. का सोडू? दर रविवारी जाते. पुढच्या बाकावर बसते. शेजारचे सरकून बसतात. सरकू देत.

दुसरं पुस्तक लिहायला घेतलंय. गावासकट, जातीसकट, प्रत्येकाचं नाव घालून. आता खुलताबादकडची घरं राहिलीत. या रविवारी उपासना संपली की तिकडं निघणार. कमिटीला विचारणार नाय.