रंधा आणि पटाशी

कमरेलाही न पोचणारी दोन बुटकी गाढवं सुतारानं घरी आणली, तेव्हा सगळी गल्ली पोट धरून हसली. सगळ्यांत मोठ्यानं हसली ती त्याची बायको. "चला, घरात तीन झाली!" असं म्हणत तिनं स्वतःची निळी शाल मधोमध फाडली आणि दोघांसाठी झुली शिवायला घेतल्या.

नर दिसेल त्या खांबाला अंग घासायचा, म्हणून तो रंधा. मादीचे कान धारदार, म्हणून ती पटाशी. दोघं ओझं वाहत नव्हती, गाडी ओढत नव्हती. त्यांचा उपयोग काय, असं कुणी विचारलं की सुतार नुसता हसायचा. संध्याकाळी अंगावरचा भुसा झटकून तो मागच्या आवारात बसला, की एक या गुडघ्याला टेकायचं, दुसरं त्या. बायको वारली आणि मुलगी नोकरीसाठी परगावी गेली, तेव्हा त्याला राजा असल्यासारखं वागवणारी ही दोघंच उरली.

मग एका सकाळी पोटदुखीनं रंधा गेला. पटाशी गोठ्यात बंद होती. बिचारीनं हे कशाला बघायचं, असं मनाशी म्हणत सुतारानं कुंपणापाशी खड्डा खणला, रंधाला झुलीत गुंडाळून पुरलं, आणि मगच गोठ्याचं दार उघडलं.

पटाशीनं कोपरान्‌कोपरा हुंगला. मग फाटकाशी उभी राहून ती ओरडत सुटली. चाऱ्याला तोंड लावेना. काळजीनं मुलगीही आली.

जनावरांच्या डॉक्टरनं पटाशीच्या हिरड्या पाहिल्या. "हिला मेलेला जोडीदार दाखवलात?"

"नाही हो. उगाच तिच्या जिवाला घोर..."

"तिथंच चुकलात, काका. हुंगल्याशिवाय त्यांना पटत नाही. शोधत राहतात, उपाशी राहतात, आणि एवढ्या उपासानंही यांच्या जिवावर बेततं."

"बाबांची जुनीच सवय आहे ही," दाराशी उभी असलेली मुलगी म्हणाली. "मी वसतिगृहात होते, तेव्हा माझी परीक्षा बिघडू नये म्हणून आईचं सगळं उरकल्यावर मला कळवलं. अजून रस्त्यात तिच्यासारखी पाठमोरी बाई दिसली, की मी पुढं जाऊन तोंड बघते."

सुतार आत जाऊन फावडं घेऊन आला.

"बाबा, तुमची कंबर!"

"कंबर गेली चुलीत. तू दुसरं फावडं घे."

नाकाला फडकी बांधून दोघांनी माती उपसली. निळी झूल दिसताच मुलीचे हात थांबले. "ही आईची शाल!" तिनं वाकून शिवणीवरून बोट फिरवलं. शेजारी पटाशीनं मान खाली घातली, हुंगलं, जोरात श्वास सोडला. ऊन कलेपर्यंत ती तिथंच उभी होती. त्यानंतर ओरडली नाही.

पण उशीर झाला होता. मुलगी परत गेली, त्याच आठवड्यात पटाशीनंही मान टाकली.

सुतारानं रंधाशेजारी खड्डा खणला, पटाशीला तिच्या झुलीवर निजवलं आणि मुलीला फोन लावला.

"पटाशी गेली गं. आज सुटशील?"

"निघतेच, बाबा. पण पोचायला संध्याकाळ होईल."

"होऊ दे. तू आल्याशिवाय माती लोटत नाही."

फावडं बाजूला ठेवून तो पटाशीपाशी बसला आणि उघड्या हातानं माश्या वारू लागला.