अण्णांचं न झालेलं भाषण

चहा पिता पिता ऐकणार असाल तर कप आधी खाली ठेवा. सोफ्याची कव्हरं कालच धुतली आहेत. माझ्या हातून भर गावात जी फजिती झाली, तिची ही हकीकत आहे. गंमत म्हणजे निम्मं गाव अजूनही तिला फजिती म्हणत नाही, अण्णांचं ऐतिहासिक भाषण म्हणतं.

तर, मी नाशिकपासून तासाभरावरच्या एका छोट्या नगरपरिषदेची नगराध्यक्ष. त्याआधी सगळं आयुष्य प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेलं, त्यामुळे गावासाठी मी अजून ‘बाई’च. निवडून आल्यावर मी एक पद्धत पाडली. दर रविवारी सकाळी आठ वाजता गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आठवड्याचा आढावा’ टाकायचा. सभेत काय ठरलं, कुठल्या गल्लीत पाणी उशिरा येणार, कुणाच्या मुलीनं कबड्डीत बक्षीस आणलं, सगळं त्यात. आणि आठ म्हणजे आठ. लोक माझ्या मेसेजवर घड्याळ लावतात असं गावात बोललं जायचं. कोण बोलायचं? मीच.

आमचा बाजारही रविवारचाच. पेठकडच्या पाड्यांवरून बायका पहिल्या गाडीनं भाजी आणि नागली घेऊन येतात, दिवस कलेपर्यंत बसतात. त्यांच्यासाठी बाजारात स्वच्छतागृह नाही, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. हे मला माझ्या नेहमीच्या भाजीवाल्या हिराबाईनं सांगितलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्या खुर्चीची लाज वाटली. दोन वर्षं मी तो विषय सभेपुढे आणत होते आणि दोन वर्षं तो पडत होता. कारण एकच, आमचे विरोधी गटनेते अण्णा.

अण्णा माणूस वाईट नाही हो. पण बाजारातली एकुलती एक मोकळी जागा नेमकी त्यांच्या गाळ्यांसमोर. ‘माझ्या दारात संडास नको’ यापुढे त्यांची गाडी सरकतच नव्हती. सोमवारच्या सभेत विषय पुन्हा येणार होता, आणि त्यांच्या गटाची मतं मिळाली नाहीत तर तो या पंचवार्षिकात तरी संपला होता. म्हणून मी ठरवलं, या खेपेला अण्णांना गोडीत घ्यायचं. रविवारी दहा वाजता बाजाराशेजारच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्याचं उद्घाटन होतं. ते अण्णांच्या हस्ते ठेवलं. शाल, नारळ, मानाची खुर्ची आणि नंतर सगळ्यांना मिसळ.

आता माझी खोड ऐका. शिक्षकाला टाचण लिहायची सवय असते. पाठ घ्यायच्या आदल्या दिवशीच तो कसा होणार ते लिहून ठेवायचं. ‘विद्यार्थी उत्स्फूर्तपणे उत्तरे देतात’, असंसुद्धा. विद्यार्थी अजून घरी पतंग उडवत असतात, पण टाचणात ते उत्स्फूर्त असतात.

तसाच शनिवारी दुपारी मी आढावा लिहून टाकला. ‘कट्ट्याचे उद्घाटन अलोट गर्दीत पार पडले. उपस्थितांनी मिसळीचा आस्वाद घेतला.’ इथपर्यंत ठीक होतं, गावोगावच्या बातम्या अशाच लिहून ठेवतात. पण लेखणीला उतार लागला की मी थांबत नाही. पुढे लिहिलं, ‘अण्णांनी आपल्या भाषणात महिला स्वच्छतागृहाला जाहीर पाठिंबा दिला. आपल्या गाळ्यांसमोरील जागेचा आग्रह त्यांनी स्वतःच धरला. बाजारातील भगिनींचे हाल सांगताना ते गहिवरले.’

अपेक्षित प्रतिसाद हो, दुसरं काय. या रविवारपुरता आठचा नेम मोडायचा आणि कार्यक्रम झाला की दुपारी दुरुस्त करून पाठवायचा, असा विचार होता.

रविवारी आठ वाजून चार मिनिटांनी ग्रुपवर निवृत्त पोस्टमास्तरांचा मेसेज आला. ‘आढावा नाही. बाईंची तब्येत बरी आहे ना?’ पाठोपाठ हात जोडलेली चित्रं. ‘काळजी घ्या बाई.’ एकानं तर विचारलं, ‘कोणत्या दवाखान्यात ठेवलंय?’

माझा वक्तशीरपणा असा चव्हाट्यावर आलेला मला बघवेना. गॅसवर दूध, एका हातात चमचा, दुसऱ्या हातानं आढावा पाठवून दिला. फोन चार्जिंगला लावला आणि निवांत आंघोळीला गेले.

निऱ्या घालत होते तेवढ्यात बाहेरून आमच्या ह्यांचा आवाज आला. “अगं, कार्यक्रम पार पडला म्हणे. मग तू घरात कशी?”

माझ्या हातातल्या निऱ्या तिथंच सुटल्या. धावत जाऊन फोन उचलला आणि मेसेज खोडला. खोडला, पण कसा? घाईघाईत ‘फक्त माझ्यासाठी खोडा’ यावर बोट पडलं. म्हणजे गावात मेसेज सगळ्यांकडे होता, फक्त माझ्याकडे नव्हता.

रिक्षानं कट्ट्यावर पोचले तर मांडववाला खुर्च्या टेंपोत चढवत होता.

“अरे, हे काय करतोस?”

“कार्यक्रम झाला ना बाई? मेसेज वाचला तसा आलो. दुपारी नाशिक रोडला दुसरी ऑर्डर हाय.”

“अरे, इथं कोणी दिसतंय का तुला?”

“मी म्हटलं, मिसळ खाऊन गेले असतील.”

मिसळीचं पातेलं झाकलेलंच होतं. ‘अलोट गर्दी’ म्हणून एकटे पोस्टमास्तर उभे होते, तेही भांडायला. “बाई, आम्हाला न कळवता आस्वाद घेतलात?” बाकी गाव घरी बसलं होतं. झालेल्या कार्यक्रमाला कोण येतं?

आणि त्यात अण्णांची गाडी आली. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, कपाळाला गंध, कानाला फोन.

“हो, हो, आभारी आहे,” असं कोणाला तरी म्हणत ते उतरले, फोन बंद केला आणि माझ्यासमोर उभे राहिले. “बाई, सकाळपासून हा बाविसावा फोन. लोक म्हणतात, काय बोललात अण्णा, डोळ्यांत पाणी आलं. मी काय बोललो?”

“अण्णा, ते... टाचण होतं.”

“आमची मंडळी विचारतीये, तुम्ही तर आता न्हाणीघरातून बाहेर आलात, मग गहिवरलात कधी?”

मी मान खाली घातली. पुढचं मला स्पष्ट दिसत होतं. हा माणूस आता माईक घेणार, बाई खोट्या आहेत म्हणून सांगणार, आणि उद्या विषय कायमचा पडणार. हिराबाईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात घोळत होतं. दोन वर्षांच्या कामावर मी माझ्याच हातानं पाणी फिरवलं होतं.

तेवढ्यात बाजाराच्या बाजूनं गलका आला. वीस-पंचवीस बायका, पुढे हिराबाई, हातात झेंडूचा हार. टोपल्या शेजारणींच्या भरवशावर टाकून आल्या होत्या. कोणीतरी त्यांना आढावा मोठ्यानं वाचून दाखवला होता.

हिराबाईनं हार सरळ अण्णांच्या गळ्यात घातला. “अण्णा, लय मोठं काम केलं तुम्ही. माझी सून बाजाराला यायची बंद झाली ती याच पायी. सातवा महिना हाय तिला. पोरीला दिवसभर कुठं बसवू, सांगा. आमाला वाटायचं, तुम्हीच आडवं येता. माफ करा, लय शिव्या दिल्या तुम्हाला.”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग हाराकडे, मग त्या बायकांकडे. नंतर मांडववाल्याला म्हणाले, “माईक काढ टेंपोतून.”



“माय-भगिनींनो,” अण्णा म्हणाले, “सकाळी मी जे बोललो...” इथं ते थांबले आणि मला हळूच म्हणाले, “जागेचं काय बोललो होतो?”

“तुमच्या गाळ्यांसमोर,” मी पुटपुटले.

“...त्यावर मी ठाम आहे. माझ्या गाळ्यांसमोरच होईल.” आणि पुढं त्यांना बोलवेना. खिशातून रुमाल काढला. शपथ सांगते, माणूस खरंच गहिवरला. मी तर पदराआड ढसाढसा रडले. पोस्टमास्तरांनी मिसळ सुरू केली.

सोमवारी विषय एकमतानं मंजूर झाला. पावसाळ्यानंतर बांधूनही झालं, पाण्याच्या टाकीसकट. उद्घाटन अण्णांच्याच हस्ते, आणि तो आढावा मी कार्यक्रम झाल्यावर लिहिला.

परवा बाजारात गेले तर हिराबाई भलतीच खुशीत. सून शेजारी बसलेली, मांडीवर बाळ. मला मेथीची एक जुडी जास्त घातली आणि म्हणाली, “बाई, राग मानू नका, पण खरं बोलते. तुम्ही दोन वर्सं नुसत्या मीटिंगा घेतल्या. अण्णांनी एका भाषणात काम करून दाखवलं. आन त्या दिवशी सकाळी एवढं मोठं भाषण झालं, त्याला तुम्ही हजर पन नव्हत्या म्हने.”

आता मी काय बोलणार? नव्हतेच ना हजर.