बर्फ ढकलायचं पातं

विक्रोळीच्या आमच्या वर्कशॉपात एक मालवणी फिटर होता. बर्फ आम्ही पाहिलेला फक्त सरबतात, तरी हिमाचलला जाणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरला पुढून बर्फ ढकलायचं पातं बसवत होतो. पातं अडकवायच्या पिनेची भोकं जुळली का, हे तो बोट घालूनच बघायचा. मी घातलं की खेकसायचा, "भायर काढ रे! तुझा लगीन होवचा आसा."

त्या दिवशी मी साहेबासारखा ऐटीत सीटवर चढलो नि गुडघा पात्याच्या लिव्हरला लागला. पातं धाडकन खाली आलं. त्याचं बोट भोकातच होतं. "वर घे," एवढंच तो म्हणाला.

मग दुसऱ्या हाताने त्याने आधी पिन बसवली. चिरडलेल्या बोटाला फडकं गुंडाळत हळूच म्हणाला, "डागदराकडे तूय चल. माका सुयेची भीती वाटता."