दोन दातांमधले अंतर

एरंडेलात भिजलेल्या लोखंडाचा वास आला, की आजही माझे मस्तक भडकते. धाप लागणाऱ्या यजमानांना कळव्यापुढचा चढ सायकलीवरून झेपेना, म्हणून मागच्या चाकाला मोठे दातेरी चक्र बसवायचे ठरले. ठाण्याच्या लोहाराने दात मोजून चक्र घडवले. दोन दातांमधले अंतर मात्र एरंडेल पाजलेल्या जुन्या साखळीशी ताडून पाहिले नाही. मी फुलांच्या दोऱ्याला साखळीच्या कड्यांच्या अंतराने गाठी मारून तो चक्राच्या दातांवर धरून पाहिला होता. माप जुळत नव्हते. दाराआडून तसे सांगताच सासरे कडाडले, "सूनबाई, साखळी म्हणजे गजरा नव्हे!" लोहारासकट सारे हसले. मी दोऱ्याच्या गाठी सोडून टाकल्या, त्याचा संताप अजून शमलेला नाही.

पहिल्याच चढावर साखळी दातांवरून उसळली. यजमान रक्ताळलेल्या गुडघ्यांनी परतले. संध्याकाळी लोहार आला, सासऱ्यांसमोरून थेट माझ्या दाराशी येऊन थांबला आणि म्हणाला, "सांगा."