राखेतलं बी

बारा मे, संध्याकाळचे सव्वापाच. हजर: ताई, भावोजी, त्यांची सून आणि मी. गैरहजर: ताईचा मुलगा, कामावर. पाऊस: वीस मिनिटं, थेंब मोठे.

दोन वर्षांपूर्वीच्या वहीतली ही नोंद आहे. मी वह्या ठेवते. किराणा, औषधं, गॅसचा नंबर कधी लावला, कोणाचा डबा परत करायचा राहिलाय, सगळं लिहिते आणि काम झालं की त्यावर रेघ मारते. घरचे हसतात, पण काही सापडलं नाही की माझ्याकडेच येतात. मी गोखिवऱ्याला फ्लॅटमध्ये राहते. माझी थोरली बहीण वसईच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला असलेल्या एका गावात. तिथे त्यांचं कौलारू घर, मागे विहीर आणि वाडी. वाडी म्हणजे आता अर्धा एकरही उरलेली नाही, पण ताईच्या तोंडून शब्द ‘वाडी’ असाच येतो. त्या वर्षी मार्चमध्ये ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून आठवड्यातून दोनदा माझी तिकडे फेरी होती.

त्या संध्याकाळी अंगणात चटईवर जवळा वाळत होता, सुपात आमसुलं होती आणि दोरीवर दोन दिवसांचे कपडे. आधी वारा आला, मग एक कैरी धप्पकन पडली आणि तिच्या मागोमाग थेंब. सून जवळ्याकडे धावली, मी आमसुलांकडे. भावोजी अंगणाच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभे.

“पानी आलं गं, पानी!”

“आलं ते दिसतंय,” ओटीवरच्या खुर्चीतून ताई म्हणाली. “ओरडताय काय? सरपण आत घ्या आधी.”

“तुझी बहीण आहे ना मुकादम. ती घेईल. यादीत असेल तिच्या.”

यादीत नव्हतं, तरी मीच घेतलं. पाऊस पडत होता तोवर आम्ही चौघं ओटीवर बसून नुसते बघत राहिलो. दीड महिना घामाने जीव नकोसा झाला होता. विहिरीचं पाणी इतकं खाली गेलं होतं की पंप हवा ओढायचा. सुनेने हात बाहेर काढून पन्हाळीखाली धरला आणि ते पाणी सासूच्या पायांवर शिंपडलं. ताई लहान मुलीसारखी हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच.

पाऊस थांबल्याबरोबर ती म्हणाली, “धाकटे, जा, आळ्यात बोट घाल. किती मुरलंय बघ.”

मी गेले. “दोन पेरं.”

“मग उद्या सकाळी बी.”

हा त्या घराचा नियम. मे महिन्यातला वळवाचा पाऊस मातीत दोन पेरं मुरला, की दुसऱ्या सकाळी वेलांचं बी टोचायचं. एक पेर मुरला तर नाही. जूनची वाट बघत बसलं तर बी कुजतं, आणि वेल मांडवावर चढायच्या आधीच धो धो पाऊस त्याला झोडपतो. ताईने हे सासूकडून घेतलं होतं.

सहजासहजी मिळालं नव्हतं. आम्ही नालासोपाऱ्याच्या दोन खोल्यांत वाढलेल्या मुली. आमची शेती म्हणजे डालड्याच्या डब्यातली तुळस. लग्न होऊन ताई वाडीत गेली तेव्हा सासूबाईंनी तिला पहिली दोन वर्षं बियाण्याला हात लावू दिला नाही. आळी कर, पाणी घाल, मांडवाला बांबू बांध, इतकंच. तिसऱ्या वर्षी शिराळ्याच्या, म्हणजे दोडक्याच्या, पाच बिया तिच्या तळहातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, “लाव. उगवलं तर तुझं.” पाचही उगवल्या. त्या दिवसापासून बियाण्याचा तुंबा ताईच्या ताब्यात आला आणि ‘हिचा हात चालतो’ हे गावात ठरून गेलं. पुढे शेजारच्या बायका पहिलं बी टोचायला तिला बोलवायच्या. गावात ती नोकरदारांची मुलगी राहिली नाही, ती त्या हातामुळे.

तुंबा म्हणजे वाळवून कोरलेला दुधी भोपळा. त्यात चाळलेली राख, राखेत बी, आणि तुंबा टांगलेला न्हाणीच्या चुलीवर, जिथे रोज सकाळी अंघोळीचं पाणी तापतं. धूर लागत राहतो, कीड लागत नाही. आत चवळी असायची, तवशाचं, म्हणजे मोठ्या काकडीचं, बी असायचं, पण जीव होता तो शिराळ्यात. त्यांचं शिराळं बुटकं, पांढरट, शिरा बोथट. कधी कडू निघालं नाही. कोवळ्या सालींची तीळ घालून चटणी आणि आतल्या गराची करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, घालून भाजी. मसाला म्हणजे हळद, हिरवी मिरची आणि मूठभर ओलं खोबरं. भावोजी म्हणायचे, “बाजारच्या शिराळ्यात पानी, आमच्या शिराळ्यात चव.” दर वर्षी वेलावरचं एक चांगलं फळ जुन्या लुगड्याची चिंधी बांधून राखून ठेवायचं, म्हणजे चुकून कोणी तोडायचं नाही. तेच पुढच्या वर्षीचं बी.

आता मार्चमधलं सांगते.

ताई दवाखान्यात होती. सून तिच्याजवळ. घर माझ्या हातात आलं आणि मी वहीत सतरा कामं लिहिली. फडताळं पुसणे, डबे घासणे, न्हाणीतली जळमटं काढणे. ताई घरी येईल तेव्हा सगळं लखलखीत हवं होतं. न्हाणीत तो काळाकुट्ट तुंबा दिसला. खाली काढून सुपात उपडा केला तर राखेचा लोट उठला, आणि राखेत दोन मेलेले किडे. मी राख केळीच्या बुंध्यात टाकली. बी काळंमिचकूट झालं होतं. ते तांदूळ धुवायच्या रोवळीत घेतलं आणि चुलीवरचं उकळतं पाणी त्यावरून ओतलं. दोनदा. मग चोळून, पुसून, पडवीच्या पत्र्यावर दोन दिवस कडक उन्हात वाळवलं. स्वच्छ बरण्या आणल्या, झाकणांवर नावं लिहून चिकटवली आणि वहीत रेघ मारली.

मोड आणायला मूग मी कोमट पाण्यात भिजवते. तीस वर्षं भिजवतेय. उकळतं पाणी ओतलं तर मोड येत नाहीत हे मला कोणी शिकवायला नको. पण त्या दिवशी मला बी दिसतच नव्हतं, घाण दिसत होती.

ताई घरी आली, वॉकर धरून घरभर फिरली, बरण्या बघितल्या.

“अगो, हे औषधाचं दुकान कोणी काढलं?”

“छान दिसतंय की नाही?”

“राख कुठे गेली?”

“फेकली. किडे होते.”

तिने एक बरणी उजेडात धरली. “बी कोरडं आहे ना?”

“खडखडीत.”

हे खरं होतं. पाण्याचं तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, तेव्हा ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. तिने सुनेकडून नवी राख चाळून घेतली आणि सगळं बी परत तुंब्यात घातलं. माझ्या बरण्यांत पुढे तिखट-मीठ गेलं.

तर तेरा मेची सकाळ. ताईला खाली बसायला मनाई होती, तरी ती आळ्याशी पाट ठेवून, एक पाय लांब करून बसली. बी तिनेच टोचलं. एका आळ्यात तीन, टोक खाली. सून माती लोटत होती. मी घरात स्वयंपाकाला. बी टोचायच्या दिवशी त्या घरात जेवायला एकच साधा बेत असतो, सगळ्यांचे हात मातीत असतात म्हणून: तांदळाची भाकरी आणि कैरी घालून जवळ्याचं कालवण. मी पहिल्यांदाच एकटीने केलं. ताई वाडीतून ओरडून सांगत होती, “जवळा आधी कोरडा भाज, मग धू! उलटं करू नकोस!” मी ते वहीत लिहूनही घेतलं. ओटीवर पानं मांडून जेवलो. भावोजींनी तिसरी भाकरी मागितली आणि म्हणाले, “मुकादमाला जमलं की!” त्या दुपारइतकी शांत दुपार मला त्या वर्षातली दुसरी आठवत नाही.

पुढचे काही दिवस माझी फेरी झाली नाही. पाच दिवसांनी मी फोन केला. “आलं का?”

“अजून नाही. येईल.”

आठ दिवसांनी पुन्हा. “चवळी?”

“चवळी पण नाही. शेजारी सगळ्यांचं आलंय गं.”

दहाव्या दिवशी मी गेले. आळ्यात गवताच्या काड्या उगवल्या होत्या, बाकी काही नाही. कोणी बघत नाही असं बघून मी बोटाने माती उकरली. बी सापडलं. फुगलेलं, मऊ, बोटात धरलं तर पिचलं. तेव्हा मला कळलं. रोवळी, उकळतं पाणी, दोनदा. सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

ताईने तुंब्यात उरलेलं सगळं बी काढून दुसऱ्यांदा टोचलं. मी थांबव म्हणाले नाही. काय कारण सांगून थांबवणार? तेही आलं नाही. जूनचा पाऊस सुरू झाला आणि मांडव नुसता बांबूंचा सांगाडा राहिला.

जूनमधल्या एका संध्याकाळी सगळे ओटीवर होते. ताईने आपले दोन्ही तळहात मांडीवर पालथे-उताणे करून बघितले.

“माझा हात उतरला,” ती म्हणाली.

“हात कसा उतरेल?” भावोजी म्हणाले. “गुडघा नवा बसवला, हातही नवा बसवू. विचारतो डॉक्टरला.”

सून हसली. ताई हसली नाही. “सासूबाई म्हणायच्या, हात वेळेवर पुढे द्यायचा असतो. मी सुनेला दिला नाही. धरून बसले. म्हणून गेला.”

सुनेचं हसू तिथेच थांबलं. मी चहाचे कप हातात घेऊन दारात उभी होते. वाक्य तयार होतं: ताई, बी मी मारलं. चार शब्द. मी म्हणाले, “पाऊस कमी पडला असेल.”

“दोन पेरं होता. तूच बघितलास.”

परतताना बसमध्ये वही काढली आणि लिहिलं: ताईला सांगणे. आधी वाटलं, गुडघा सुधारू दे. मग गणपती आले. मग सुनेला दिवस गेले, तेव्हा घरात वाईट काही बोलायला नको. दर महिन्याला नवं पान काढते तेव्हा आधीच्या पानावर राहिलेलं काम पुढे उतरवते. हे दर वेळी उतरवलं.

दरम्यान मला जमतं ते करून बघितलं. ताईने वर्षानुवर्षं ज्यांना बी वाटलं होतं अशा चार घरांची यादी केली आणि चारही घरी गेले. सगळीकडे आता दुकानातली पाकिटं. एक बाई तर मलाच म्हणाल्या, “तुझ्या ताईकडे होतं ना गं? मग आम्ही कशाला जपायचं?”

गेल्या वर्षी ताईने काहीच लावलं नाही. वळीव आला, पण मातीत बोट घालायला तिने कोणाला पाठवलं नाही. मांडवाच्या बांबूंवर बाळाची दुपटी वाळत होती. वाडीच्या घरात भाजीवालीकडून शिराळी विकत घेतली गेली.

यंदा मेमध्ये पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तिथे होते. ताईने माझ्या हातात दुकानातलं पाकीट ठेवलं.

“तू लाव.”

“मी? मला जमायचं नाही. सुनेला दे.”

“ती म्हणते, मला नको, मावशीला लावू दे. तिला भीती वाटते, तिच्या हातून नाही आलं तर मी काय म्हणेन. लाव गं, मुकादम.”

मी दहा बिया लावल्या. आठ उगवल्या. ताईने फोनवर आकडा सांगितला तेव्हा तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा होता. “बघ! हात गेला नाही वाया. तुझ्याकडे आला.” पुढच्या फेरीला तिने तुंबा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून मला दिला. नको म्हटलं तर रागावली. तो आता माझ्या स्वयंपाकघराच्या ग्रिलला टांगलेला आहे. फ्लॅटमध्ये चूल नाही, राख नाही. आत काही नाही.

गेल्या रविवारी गेले होते. माझ्या वेलाची पहिली शिराळी निघाली होती, लांब, गडद हिरवी. ताईने करंदी घालून भाजी केली.

“छान झालीय ना? तुझ्या हातची.”

“थोडी पाणचट आहे,” मी म्हणाले.

“हात नवा आहे. एखाद-दोन वर्षं लागतात.” तिने मला आणखी वाढलं.

जेवणं झाल्यावर भावोजी आडवे झाले, सून बाळाला घेऊन आत गेली. मागच्या दारी आम्ही दोघीच होतो. मी भांडी घासत होते, ताई पाटावर बसून चवळी निवडत होती. यापेक्षा चांगली वेळ मिळणार नव्हती. मी कढई दोनदा घासली.

“तेल निघत नाहीये का?” ताई म्हणाली. “थांब, चुलीवर गरम पाणी आहे, ते घे.”

मी घेतलं, कढई धुतली, पालथी घातली आणि पावणेचारच्या बसला निघाले.

या पानावर अकरा कामं होती. दहांवर रेघ आहे. अकरावं: ताईला पाण्याचं सांगणे.