डावा स्पीकर

तोंडावर मी नवऱ्याला 'तुमी' म्हणते. पण आत राग असला की तो शफी असतो, आणि रमाबाईंच्या घरचा फोन आला की तो हमखास शफीच असायचा.

अचलपुरात घराच्या पुढच्या खोलीत त्याचं रेडिओ-टेपचं दुकान. कापसानं सगळ्या वऱ्हाडाचीच मान मुरगळली होती ती वर्षं. खेड्यापाड्यांतली टेपं दुरुस्तीला येईनाशी झाली, लग्नंसुद्धा बिनआवाजाची लागायला लागली. उरली ती अमरावतीतल्या नोकरदार आणि वकील लोकांची घरं, जिथं पाच-पाच स्पीकरचे होम थिएटर होते. शफी तिथं डॉक्टरसारखा जायचा, आणि ऐट डॉक्टरापेक्षा जास्त. दाढी कोरलेली, कानामागं अत्तर. बढाई मारण्यात त्याचा हात कोणी धरला नसता, पण कामाची रीत एकच होती. एक बाजू मुकी झाली की तो आधी मशीनमागच्या डाव्या-उजव्या तारा अदलाबदल करायचा. जेवताना मला सतरांदा ऐकवायचा, "मुकेपणा दुसरीकडं सरकला तर मशीन चोर. जाग्यावरच राह्यला तर स्पीकर नाही तं त्याची तार चोर. चोर सापडला की अर्धं काम झालं."

मोरोपंत वकिलांच्या घरचा चोर मात्र त्याला सापडतच नव्हता. वकिलांची बायको रमाबाई. त्यांचा डावा स्पीकर मुका व्हायचा, शफी जायचा, चालू करून यायचा, की थोड्याच दिवसांनी पुन्हा फोन. फोनवर शफीचा आवाज असा मऊ व्हायचा, की मला वाटायचं हा माणूस माझ्याशी बोलताना कोणता आवाज वापरतो?

आणि माझ्या घरी काय होतं? माझ्या अब्बांनी नांदगाव खंडेश्वरहून लग्नात दिलेला दोन स्पीकरचा टेप. त्यातला एकच उरला होता. दुसरा शफीनं 'पडदा फाटला, नवा भरून आणतो' म्हणून नेला, तो नेलाच. कधी विचारलं की म्हणायचा, "टाइम कुठं हाये?" घर की मुर्गी दाल बराबर. जळायचे मी, खरंच जळायचे. भाकरी तव्यावर करपायची आणि मी इकडे.

एकदा शफी तापानं फणफणला होता आणि नेमका फोन आला. तशातही हा उठून शर्टाला इस्त्री मागायला लागला.

"तुमी झोपा," मी म्हटलं. "आज मीच जाते."

"तुले काय समजते त्यातलं?"

"तुमची बडबड आयकून आयकून सगळं समजते."

तो गोधडीत बसल्या बसल्या पांढरा पडला. म्हणाला, "जाय. पण डाव्या स्पीकरले हात नोको लावू."

आता मला कोण अडवणार होतं? स्क्रू-ड्रायव्हर पिशवीत टाकला आणि अमरावतीची एसटी धरली.

दार रमाबाईंनीच उघडलं. गोऱ्या, नीटस, सुती साडीत. "शफीभाऊ नाही आले?" भाऊ म्हटलं म्हणून काय झालं? मला तेवढ्यानं थंड वाटणार नव्हतं.

मी मशीनमागच्या तारा अदलाबदल केल्या. डावा मुकाच. म्हणजे चोर त्याच बाजूला. स्पीकर भिंतीकडून फिरवला, तर मागच्या चिमट्यात लाल गाळ साचलेला. तार त्यात रुतून बसली होती.

"दर शुक्रवारी हळदकुंकू वाहते," रमाबाई म्हणाल्या. "थोडं पाणीही शिंपडते. गाणं म्हणजे सरस्वतीच ना! शफीभाऊ दर वेळी पुसून देतात, पण एका शब्दानं बोलत नाहीत."

बोलत नाहीत! मीठ जरा जास्त झालं तर घर डोक्यावर घेणारा माणूस इथं एका शब्दानं बोलत नाही! दातओठ खात मी गाळ पुसायला लागले. लाकडावरचं कुंकू निघालं, आणि त्याच्या शेजारी विटकरी रंगाची चार बोटं दिसली. ती निघेनात. निघणारच नव्हती. निकाहच्या दिवशी सामान टेम्पोत चढवताना ओल्या मेंदीच्या हातानं मीच तो स्पीकर उचलला होता.

"हा कुठला?" मी विचारलं.

"आमचा जळला, तेव्हा त्यांनी हा बसवून दिला. म्हणाले, घरी नुसताच पडून आहे, कोणी ऐकत नाही."

"मी आयकत होते," मी म्हटलं.

रमाबाईंना काही कळेना. मी त्या डागांवर माझी बोटं ठेवून दाखवली. तेव्हा कळलं. त्या ओशाळल्या आणि स्वतः तारा सोडवायला पुढं झाल्या. मला त्यांचा राग धरवेना, ते तर अजूनच वाईट.

"तुमचा जळालेला दुकानात असन," मी निघताना सांगितलं. "भरून पाठवते. एसटीच्या पार्सलानं. आन् कुंकू लावाचं तं समोरून लावा."

घरी येऊन स्पीकर जोडला, कॅसेट लावली. शफीनं डोळे उघडले. डावीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग भिंतीकडं. पण अंगातली खोड काही जाईना.

"आवाज पोकळ येऊन राह्यला," तो हळूच म्हणाला. "एका स्पीकरच्या तारांचं लाल-काळं उलटं जोडलं तुनं."

"मंग उठा, सुलटं करा."

त्या घरी जायला त्याला इस्त्रीचा शर्ट लागायचा. माझ्या टेपापुढं तो तापात, बनियनवर, जमिनीवर बसला आणि तारा सोडून पुन्हा जोडायला लागला. जोडून झाल्यावरही उठला नाही. कॅसेट संपेपर्यंत दोन्ही बाजूंच्या मधोमध माझ्याशेजारी बसून राहिला.

मला लाल-काळं कळत नाही, असं त्याला अजून वाटतं. वाटू दे.